वाईट वळण

बारीकरावांना खऱ्या नावाने दुकानात कुणी हाक मारत नसे. अंगाने किरकोळ आणि कामही बारीक, म्हणून कुणीतरी गमतीने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खिडकीशी, त्यांचं टेबल होतं. पुढे चष्मे विकले जात आणि मागे बारीकराव ते घडवत. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, दांड्यांचे स्क्रू आवळायचे, प्लॅस्टिकची फ्रेम गरम हवेवर धरून गिऱ्हाइकाच्या कानाला बेतून वाकवायची. उभा जन्म यात गेला होता, आणि आपल्या हाताचा अभिमान लपवायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

हल्ली मात्र त्यांचं सगळ्यांशी वाजत होतं. स्क्रू हातातून निसटून फरशीवर पडत आणि टेबलाखाली वाकून शोधावे लागत. दोष अर्थातच स्क्रूंचा. पूर्वीच्या स्क्रूंना धड डोकं असायचं, आता स्क्रूंनाही नाही आणि ते बनवणाऱ्यांनाही नाही. एका महागड्या काचेवर ओरखडा उठला, त्याचं खापर त्यांनी काचेवरच्या लेपावर फोडलं. मालक ऐकून घेत. पण बिनकडांचे नाजूक चष्मे हळूहळू शेजारच्या टेबलावरच्या नव्या कारागिणीकडे जाऊ लागले आणि बारीकरावांच्या वाट्याला जाडजूड फ्रेमा उरल्या. मालकाला नवं माणूस लाडकं झालंय, एवढाच अर्थ त्यांनी काढला. त्या बिचारीशी तर त्यांनी बोलणंच टाकलं.

घरी बाप-लेक दोघंच. लेक एका कंपनीच्या तक्रार केंद्रात कामाला होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि संध्याकाळी घरचं गाऱ्हाणं ऐकायला यायची. आई होती तोवर घरातलं बोलणं आईच करायची. ती गेल्यावर एकमेकांशी बोलायचं काय, हे दोघांनाही उमजेना. एका रविवारी लेकीने कपाटातून आपला जुना गेम काढला, हातात धरून खेळायचा. छोट्या पडद्यावर एक टोपीवाला माणूस अरुंद पुलांवरून पार्सलं पोचवायला निघे, आणि डाव्या अंगठ्याखालच्या इवल्याशा दांडीने त्याला चालवायचं. तो पाण्यात पडला की पाळी दुसऱ्याची. तेव्हापासून दर रविवारी हा खेळ होऊ लागला आणि त्या निमित्ताने का होईना, घरात आवाज ऐकू येऊ लागला. बारीकरावांना आठवडाभर त्या दुपारची ओढ असे. बोलून मात्र त्यांनी ते कधी दाखवलं नाही.

मग टोपीवाला बिघडला. पुलाच्या मध्यावर गेला की आपला आपण डावीकडे सरकायचा आणि पाण्यात जायचा. याला वाईट वळण लागलंय, असं बारीकराव म्हणाले आणि लेक खूप दिवसांनी हसली. पुढे घरात तोच शब्द रूढ झाला. तिची पाळी आली तरी तीच रड. तिच्याही हातून तो डावीकडे झुकत झुकत पाण्यात जाई, आणि मग दोघं मिळून त्या दांडीचा उद्धार करत.

बारीकरावांनी आधी साधे उपाय केले. दांडीच्या बुडाशी फुंकर मारली, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस फिरवला, सेटिंगमध्ये जाऊन दांडीचा मध्य पुन्हा ठरवून दिला. गेम टेबलावर ठेवला की तपासणीच्या पडद्यावर दांडीचा कल दाखवणारा ठिपका गोलाच्या बरोब्बर मध्ये. हातात घेऊन दांडीवर अंगठा टेकवला की निघाला डावीकडे. दुसऱ्या कुणाच्या मनात यावरून शंका आली असती. पण बारीकराव जन्मभर प्लॅस्टिक गरम करून वाकवत आलेले, त्यांचं निदान तयार होतं. हाताच्या उबेने दांडीचं बूड सैल पडतं, म्हणून ती कलते. माल हलका, दुसरं काय. दांडीच बदलायला हवी. लेक जराशी थांबली आणि मग म्हणाली, मागवते.

दांडी आली त्या रविवारी बारीकराव लवकर उठून तयार. खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा कपडा अंथरला, डोळ्याला भिंग लावलं. लेकीने मोबाइलवर दुरुस्तीचा व्हिडिओ लावला, तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं, पण एक डोळा तिकडे ठेवलाच. मागचं झाकण निघालं. बॅटरीची जोडणी आधी सोडवायची, ती सोडवली. जुनी दांडी सुटली. नवीचा कागदासारखा पातळ पट्टा एका चिमुकल्या खाचेत सरकवायचा होता, आणि तिथे घोडं अडलं. चिमटा खाचेपाशी नेला की पट्टा बाजूला व्हायचा. बारीकरावांनी पट्ट्याला शिव्या घातल्या, उजेडाला घातल्या, खुर्ची सरकवून पाहिली. कपाळावर घाम आला. शेवटी लेकीने चिमटा घेतला आणि पट्टा खाचेत सरकवला.

"तुझे डोळे तरुण आहेत," ते म्हणाले. ती हो म्हणाली.

झाकण लावायच्या आधी तपासून बघायचं, ही त्यांची दुकानातली शिस्त. बॅटरी जोडली, तपासणीचा पडदा लावला. टेबलावर ठिपका मध्ये स्थिर. बारीकरावांचा चेहरा उजळला. त्यांनी गेम कडेने अलगद उचलला, दांडीवर अंगठा टेकवला, आणि ठिपका थरथरत डावीकडे निघाला.

"हाही पार्ट खराब आला असेल बाबा, बदलून मागवू," लेक घाईने म्हणाली. इतक्या घाईने, की त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

ते उठले. नळाखाली बराच वेळ हात धरले, बोटं गार पडल्यावर पुसून परत आले आणि पुन्हा दांडीवर अंगठा टेकवला. ठिपका डावीकडेच गेला. उबेचा प्रश्न तिथेच मिटला. लेकीने नुकताच चहाचा कप खाली ठेवला होता, तिचे हात चांगले गरम होते. बारीकरावांनी गेम तिच्याकडे दिला. ठिपका क्षणभर मध्ये थांबला आणि मग तोही डावीकडे सरकू लागला. बारीकरावांना हायसं वाटलं. पण भिंग अजून डोळ्यालाच होतं, आणि त्या भिंगातून त्यांना लेकीचा अंगठा दिसला. तो दांडी हलकेच डावीकडे रेटत होता.

"अंगठा काढ," ते म्हणाले.

तिने काढला. ठिपका मध्ये येऊन उभा राहिला.

बारीकरावांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस तिच्या हातून टोपीवाला पडायचा, तेही असंच का.

"मीच पाडायचे."

"कशासाठी?"

"तुम्ही एकटेच पडत होतात, बाबा."

जुन्या दांडीत काहीच खोट नव्हती, हे आता सांगायची गरज उरली नाही. आपल्या हाताचं मालकांना ठाऊक आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मालकांनीच तिला फोन करून कळवलं होतं, बाबांना डॉक्टरांकडे न्या म्हणून. रोज सांगायचं ठरवून ती घरी यायची आणि रोज तिचं धाडस व्हायचं नाही. बारीकरावांना आधी सणकून राग आला, मालकाचा, लेकीचा, सगळ्यांचा. मग ती नवी कारागीण आठवली. ती रोज सकाळी नमस्कार करायची आणि ते मुद्दाम खिडकीबाहेर बघायचे. त्यांना मनापासून लाज वाटली. आणि सगळ्यात शेवटी भीती वाटली. आजाराची नव्हे. सकाळी उठून कुठे जायचं, याची.

"उद्या दुकानात माझं मी सांगेन," ते म्हणाले. "तू फोन करू नकोस. डॉक्टरांकडे त्यानंतर जाऊ."

लेकीचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पाहिलं आणि बारीक स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे सरकवला. झाकण तू लाव, मी सांगतो तसं. आधी सगळे स्क्रू हलके बसवायचे, मग एकेक आवळायचा.

तिने पहिलाच स्क्रू तिरपा घातला. बारीकरावांचा हात आपोआप उचलला गेला, टेबलाच्या कडेपर्यंत आला. दुसऱ्या हाताने धरून त्यांनी तो पुन्हा मांडीवर ठेवला.

"काढ तो," ते म्हणाले. "परत घाल."