डावा हात संदेशचा, उजवा मनीषाचा

तीन माणसं, एक टीव्ही आणि एक जुना गेम, एवढ्या भांडवलावर किती किस्से साठावेत? आमचे इतके साठलेत की घरी पाहुणे आले की आई मला आधीच दटावते, "ते गेमचं काढू नकोस हं!" मी काढतेच.

आम्ही तिघं म्हणजे मी, प्रशांत आणि संदेश. साकीनाक्याला एका पॅकिंग मशिनच्या कंपनीत एकत्र होतो. कंपनी बंद पडली, पण रविवारची दुपार काही सुटली नाही. घाटकोपरला माझ्या घरी जमायचं आणि एकाच टीव्हीच्या पडद्याचे तीन तुकडे करून खेळायचं. गेम साधा आहे. तिघांनी मिळून गुंड मारायचे, त्यांच्या बंदुका उचलायच्या आणि त्या बंदुकांनी आणखी मोठे गुंड मारायचे. मूळ गेम आम्ही तरुण असतानाचा. आता त्याचीच घासूनपुसून चकचकीत केलेली आवृत्ती आली आहे, रीमास्टर्ड की काय म्हणतात ती. लोक विचारतात, अजून खेळण्यासारखा आहे का? आहे! ज्यांना वाटत नाही त्यांनी खुशाल आपापल्या घरी बसावं.

*

ही नवी आवृत्ती पहिल्यांदा लावली तेव्हाची गोष्ट. गेममधलं सगळं घडतं ते भंगाराने भरलेल्या एका ग्रहावर. पूर्वी ते भंगार कसं मळकट, धुरकट दिसायचं. आता पत्र्यावरचा गंजसुद्धा झळकत होता! प्रशांत देवनारच्या कचरा डेपोशेजारी लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे कचऱ्याच्या बाबतीत त्याची मतं पक्की आहेत.

"वाट लावली यार! आमचं डम्पिंग ग्राउंड कोणी साबणाने धुतलं तर असं दिसेल!"

नव्या आवृत्तीत कोपऱ्यात नकाशाही दिलाय. प्रशांतने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "मला रस्ता शिकवतो काय!" म्हणाला आणि सरळ कड्यावरून खाली गेला.

*

हातात धरून खेळायचा एक बटणांचा पॅड बिघडला म्हणून साकीनाक्याच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने गेमचं नाव ऐकलं आणि हसलाच.

"मॅडम, ये अभी भी कोई खेलता है क्या?"

त्याच्यामागे फळीवर दुरुस्तीला आलेले ट्रान्झिस्टर मांडलेले होते. मी म्हटलं, "आणि ते अजून कोणी ऐकतं का?"

त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

*

या गेममध्ये पडलेली बंदूक जो आधी उचलेल त्याची होते. त्यावरून आमची इतकी भांडणं झाली की शेवटी कायदाच केला. सोनेरी, म्हणजे सगळ्यात भारी, बंदूक पडली की कोणी हात लावायचा नाही. तिघांनी तिच्याभोवती उभं राहायचं आणि सोसायटीच्या मीटिंगसारखं आपापलं म्हणणं मांडायचं.

एकदा अशीच एक झकास बंदूक पडली. प्रशांत म्हणाला, "मागच्या वेळीपण मला नाही मिळाली." संदेश मालवणकडचा. तो म्हणाला, "तुका ती चालवूक येता काय?" मी माझी बाजू मांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून गुंड आले आणि अख्खी मीटिंग आडवी करून गेले! पुन्हा जिवंत होऊन पळत आलो, तर बंदूक गायब.

कायदा मात्र आम्ही बदलला नाही. फक्त आता एकजण पहाऱ्यावर उभा असतो.

*

मग संदेशला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, हळूहळू चालायलाही लागला, पण उजव्या हाताच्या बोटांत जोर आला नाही. हा गेम दोन्ही हातांचा. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या हाताने नेम धरायचा आणि गोळी मारायची.

"माझं संपलं रे. तुम्ही खेळा," संदेश म्हणाला. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला.

त्याची बायको मनीषा तोवर आमच्या गेमला "तुमचं ठो ठो" म्हणायची. ती उठली, त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि पॅडची उजवी बाजू तिने धरली.

"अहो, तुम्ही चाला. मी मारते. कोणाला मारायचंय?"

*

सुरुवातीला नुसता धिंगाणा! गुंड दिसला की संदेश मागे पळायचा, आणि मनीषा पळता पळता आभाळात गोळ्या झाडायची.

"अगो, गोळये कित्याक फुकट घालवतंस?"

"तुम्ही आधी एका जागी उभे राहा!"

एका रविवारी दोघं घरून भांडून आले. खारदांड्याहून आणलेले बोंबील संदेश रिक्षात विसरला होता. दोघं खांद्याला खांदा लावून बसले, पण एकमेकांशी एक शब्द नाही. आणि त्या दिवशी त्यांची एक गोळी वाया गेली नाही!

प्रशांत माझ्या कानात म्हणाला, "ह्यांना दर आठवड्याला भांडायला लावू या ना."

*

हाच प्रशांत परवा म्हणाला, "नवा गेम आलाय. काय दिसतो यार! प्रत्येकाने आपापल्या घरून खेळायचं, कोणी कोणाकडे जायची भानगडच नाही. हा आता जुना झाला."

ही दुपार सोडली तर संदेश घराबाहेर पडतो तो फक्त दवाखान्यात जायला. मी म्हटलं, "मी नाही येणार. तुला जायचं तर जा!" प्रशांतही हट्टाला पेटला. "आज शेवटचं खेळू," म्हणाला.

खेळायला बसलो. सगळ्यात मोठा गुंड समोर आला. मी पहिल्याच धडाक्यात पडले आणि कोणी पोहोचायच्या आत मेले. मग प्रशांत पडला. पडलेला माणूस लगेच मरत नाही, थोडा वेळ तडफडतो. तेवढ्यात कोणी जवळ येऊन बटण दाबून धरलं तर तो उठतो, नाहीतर मेला, मग पुन्हा जिवंत होऊन लांबून पळत यायचं. उभे होते फक्त संदेश-मनीषा.

संदेशच्या डाव्या अंगठ्याने त्यांना गोळ्यांच्या पावसातून धावत प्रशांतजवळ नेलं. बटण उजव्या बाजूला होतं. मनीषाचा अंगठा हवेतच.

"वहिनी, दाबा ना!" प्रशांत ओरडला.

"मनीषा, दाब गो," संदेश म्हणाला.

मनीषाची नजर टीव्हीवरून हलली नाही. "भावोजी, तिकडे नव्या गेममध्ये तुम्हाला उचलायला कोण येणार?"

पडद्यावरची प्रशांतच्या जिवाची लाल रेघ संपत आली होती. "नाही जात मी कुठे!"

"मोठ्याने बोला," मनीषा म्हणाली. "ह्यांना ऐकू येऊ दे."