आईची सही

रूथबाईंची माझी पहिली भेट श्रीरामपूरच्या आमच्या चर्चमागच्या खोलीत झाली, चार-पाच वर्षांपूर्वी, नव्वद सालच्या सुमारास. आमच्या वाडीवर सातवीपुढे शाळा नव्हती आणि सलोमीला, माझ्या लेकीला, एकटीला एसटीनं पाठवायला माझे यजमान तयार नव्हते. मग मी नववी पास बाई तिला घरीच शिकवत होते. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिला बाहेरून दहावीला बसवायचं होतं. बाई म्हणाल्या, "धडे तुम्ही शिकवा. बाकीचं वाचायला मी देते."

निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंनी त्या खोलीत आमच्यासारख्या आयांसाठी पुस्तकांचं कपाट मांडलं होतं. प्रत्येक पुस्तक त्या स्वतः वाचून मगच आत ठेवत. एका भल्या माणसानं धार्मिक पुस्तकांचं खोकं दान दिलं, तर निम्मी परत! "देवाचं नाव छापलं म्हणून रटाळ पुस्तक चांगलं होत नाही," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मोठ्या मुलींच्या पुस्तकांना एक नियम होता. आधी आईनं वाचायचं, आतल्या चिठ्ठीवर सही करायची, मग मुलीला द्यायचं. मुलीनं काही विचारलं तर आईला उत्तर देता आलं पाहिजे, एवढाच हेतू होता.

एकदा त्यांनी एक कादंबरी दिली. दळण, गुरं, खुरपणी, मला कुठली सवड? न वाचताच सही ठोकली. "वाचलंत ना?" बाईंनी विचारलं. "व्हय, लई चांगलं हाय," मी बेधडक सांगितलं आणि पुस्तक सलोमीला दिलं.

महिन्याभरात यजमानांनी सलोमीचं लग्न ठरवत आणलं. पोरगी बापासमोर उभी राहून म्हणाली, "आधी परीक्षा." कादंबरीतली मुलगीही तेच म्हणते, हे यजमानांना कळलं आणि ते भडकले. ते आमच्या चर्चच्या मंडळीचे एक पंच. लगेच बैठक बसली. "आईला विचारून पुस्तक दिलं का?" पंचांनी बाईंना विचारलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मला न्हाई ठाव," मी म्हणाले.

पुस्तक बाईंच्या मांडीवर होतं, चिठ्ठी आत होती. त्यांनी ते उघडलं नाही. "निवड माझी होती," एवढंच त्या बोलल्या. कपाटाला कुलूप लागलं, ते आजही आहे. तरी पुढच्याच आठवड्यात बाई फॉर्म घेऊन आमच्या दारात हजर! यजमानांची सही होईपर्यंत त्या ओट्यावरून हलल्या नाहीत. सलोमी दहावी झाली, आता नगरला नर्सिंग शिकते.

आज तेच पंच बाईंची पंचाहत्तरी साजरी करत आहेत आणि गौरव अंकातला लेख मला लिहायला सांगितला आहे. लाज त्यांनाही नाही, मलाही नाही, दुसरं काय! माहिती घ्यायला मी बाईंकडे गेले, तर त्यांनी ती कादंबरी पुढे ठेवली. चिठ्ठी तशीच होती.

"तेव्हा का नाही दाखवलीत?"

"तुम्हाला त्या घरी परत जायचं होतं," बाई म्हणाल्या. "आता तरी वाचा."

वाचली. त्यातल्या मुलीची आई भर पंचायतीत उठून लेकीच्या बाजूनं बोलते.

चिठ्ठीवरची सही माझी आहे. बैठकीत गिळलेलं इथे छापून देते. पंचांनी शालीबरोबर कपाटाची किल्लीही बाईंच्या हाती द्यावी. परमेश्वर त्यांना धडधाकट, उदंड आयुष्य देवो, आणि यापुढे माझ्यापेक्षा बऱ्या आया देवो.