भाताचा जावई

मी चौथी नापास, पण भातातलं मला शिकवणारा अजून जन्मायचाय. सत्तर सालाच्या सुमारास घोटीच्या बाजारात एक टकल्या साहेब माझ्या पोत्यातला दाणा दाताखाली धरून, डोळे मिटून उभा राहिला, तेव्हा मला हसूच आलं.

"दादा, मूठभर बियाणं द्या. आमच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे सभासद देशोदेशी वाण जपतात. एकाचं बुडालं, तर दुसरा देतो."

"आमचं बियाणं फक्त लेकीच्या सासरी जातं."

"मग मला जावई समजा!" म्हणत त्यानं रुमाल पसरला. सगळा बाजार हसला, अन् मला मूठ सोडावी लागली.

पुढं एका वर्षी कणगीत पाणी शिरून बियाणं कुजलं. तसल्या वासाचा भात दुसऱ्या कुणाकडं नव्हता. मी कुणापुढं रडलो नाय. बायकोनंच शाळेच्या मास्तरांकरवी संस्थेला कार्ड धाडलं.

उन्हाळ्यात टकल्या दारात हजर, हातात पुडी.

"मामा, लेक माहेरी आणलीय. जपानात होती."

मी दाणा दाताखाली धरला. डोळे आपोआप मिटले. वास तोच.

"पटली का ओळख?" तो मिश्किल हसला.

मी आत वळून ओरडलो, "अगं, जावयाला पाट मांड!"