दिवा लागेपर्यंत गप्प

लहान लेकरांच्या घरात किस्से कपाटावरच्या पिशव्यांसारखे साठतात. एक ओढायला जावं, तर चार अंगावर पडतात. माझ्या बऱ्याचशा पिशव्या आश्विनातल्या. पाऊस सरलेला, दारात झेंडू, शाळेला दसऱ्याची सुट्टी आणि दोन्ही लेकरं दिवसभर घरात.

त्यातलं एक वर्ष नवसाचं. आमची गौरी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हसायची, सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, ते ठीक निघाले. "हिच्याशी खूप बोलत राहा आणि दिवाळीनंतर परत दाखवा," म्हणाल्या. मी घरी आले, देवापुढं बसले आणि बोलून गेले, "आई, माझं बोलणं घे, पण हिला दे. घट उठेपर्यंत रोज सकाळच्या आंघोळीपासून तुळशीपुढं दिवा लागेपर्यंत मी मौन धरते."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातली वात तशीच ठेवून म्हणाल्या, "डॉक्टरीण म्हणायलीय बोला, आन् तू तोंड बंद करायलीस. देवीनं ऐकावं तरी कुणाचं?"

शेवटी ठरलं: दिवसा बाकीच्यांनी बोलायचं, दिव्यानंतर मी.

*

बाकीच्यांत पहिले आमचे हे. हायस्कूलात विज्ञान शिकवतात. सुट्टी होतीच, म्हणून गौरीला मांडीवर घेऊन बसले. लेकराशी काय बोलायचं ते सुचेना, तर त्यांनी ढगांचे प्रकार घेतले. आकृतीसकट. तिसऱ्या ढगाला गौरी गाढ झोपली.

मी स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं बघितलं.

"माझ्याकडं काय बघायलीस?" हे म्हणाले. "वर्गात तर दुसऱ्याच ढगाला झोपतेत."

*

आम्ही राहतो ते बीदरच्या नौबाद भागात. इथं दूध घालणारे अण्णा कानडी आहेत, पण प्रत्येक दारात त्या दाराची भाषा बोलतात. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "अक्का, आज किती?"

उपवासामुळं चहा कमी, म्हणून एकच लिटर हवं होतं. मी एक बोट वर केलं.

अण्णांनी कॅन खाली ठेवला, वर आभाळाकडं बघितलं आणि हात जोडले. "हौदु अक्का, खरं हाय, वरचा एकच हाय. त्याच्या मनात आलं तर सगळं व्हतंय."

आणि सायकलवर बसून गेले.

मी दारात बोट वर करून उभीच. मागं वळून बघते तर गौरी पातेलं घेऊन उभी होती. तिला बरोबर कळलं होतं.

*

घटाला काळी माती लागते. बीदरची माती लाल, म्हणून माझा भाऊ माहेराहून, करजगीहून, शेतातली माती पिशवी भरून पाठवतो. त्यात गहू पेरले होते. दोन दिवस झाले तरी मोड दिसेना. आमच्या ओमला, दुसरीतल्या, याची फार काळजी.

चौथ्या माळेला सकाळी बघते, तर भिंतीपासून घटापर्यंत मुंग्यांची काळी रांग. ओमनं दुधात घालायची चॉकलेटची पावडर मातीत ओतली होती.

"डब्यावर लिहिलंय ना, उंची वाढती म्हणून," त्यानं मला समजावलं.

माझ्या तोंडात सात वाक्यं तयार होती. सातही गिळली. आत्याबाई मात्र चष्मा सावरून रांगेकडं बघत बसल्या. "राहू दे गं. तेबी दर्शनालाच आलेत. निदान रांगेत तरी यायलेत."

गौरीनं तेवढ्यात कोपऱ्यातला कुंचा आणून माझ्या हातात दिला. मी मागितला नव्हता. फक्त कोपऱ्याकडं बघितलं होतं.

खरं सांगते, त्या वेळी माझं मन डगमगलं. घरात सगळे बोलत होते आणि आम्ही दोघी मुक्या. मी तिला बोलायला शिकवायचं सोडून गप्प बसायला तर शिकवत नव्हते? संध्याकाळी दिवा लावला की मी तिला जवळ घेऊन दिवसभराचं सगळं बोलून टाकायची. ती माझ्या ओठांकडं बघत राहायची, एवढंच.

*

शेजारच्या खालांना नवसाचं माहीत नव्हतं. दोनदा हाक मारली, मी नुसती हसले. तिसऱ्यांदा त्या थेट आमच्या ह्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"क्या मास्टरसाब, बीवी का मुँह इत्ता सा हो गया. कायकू सताते उसको?"

हे गडबडले. "खाला, मी काही नाही केलं. तिचा नवस हाय. सांजेपर्यंत बोलायचं न्हाई."

खाला विचारात पडल्या. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "ये मन्नत मरदाँ भी रख सकते क्या गे? हमारे घर में एक हैं."

*

आणि मग खंडेनवमी.

तोवर ओम माझा दुभाषी झाला होता. माझ्या हातवाऱ्यांचे अर्थ तो सगळ्यांना सांगायचा आणि ते अर्थ नेहमी त्याच्या सोयीचे निघायचे. मी पुस्तकाकडं बोट दाखवलं की तो आजीला सांगायचा, "आई म्हणायलीय, टीव्ही लाव."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. पूजेत ठेवलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. ह्यांची स्कूटर, माझी विळी, आत्याबाईंचा अडकित्ता, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. दुपारी बघते, तर त्या रांगेत ओमचं दप्तर, सुट्टीचा अभ्यास आणि आंघोळीचा मग.

"हा आंघोळीचा मग कामून ठेवलास रे?" आत्याबाईंनी विचारलं.

"आंघोळीचं हत्यार हाय ते. आता अभ्यास न्हाई, आंघोळबी न्हाई."

मी जोरजोरात मान हलवली. दोन्ही हातांनी नाही, नाही केलं.

ओमनं माझ्याकडं शांतपणे बघितलं आणि आजीकडं वळला. "आई व्हय म्हणायलीय."

"खोटं."

आवाज बारीक होता. आम्ही सगळ्यांनी आधी दाराकडं बघितलं.

"खोटं बोलायलाय दादा," गौरी म्हणाली. "आई न्हाई म्हणायलीय."

ह्यांच्या हातातली झेंडूची माळ खाली पडली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. आत्याबाईंनी माझा दंड धरला. त्यांचे डोळे वाहत होते. "बोल की गं माय आता. लेकरू बोलायलंय, तू कामून गप हायस? देवी काही म्हणत न्हाई, बोल."

मी ओठ उघडले.

गौरी पळत आली, मांडीवर चढली आणि तिनं आपला चिमुकला तळहात माझ्या तोंडावर ठेवला. तुळशीकडं बोट दाखवत म्हणाली, "दिवा."

तुमच्या घरी असं उशिरा बोलणारं लेकरू असलं, तर डॉक्टर सांगतील ते सगळं करा. आणि येत्या घटाला एक दिवस, दिवा लागेपर्यंत, तुम्हीही गप्प बसून बघा.