सूर्याला दिलेली वेळ

लखनौत चढायला काही नाही. रेल्वेच्या नोकरीत इथे वीस वर्षं काढली, त्यात चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे आलमबागच्या मेट्रो स्टेशनचा जिना. तरीही इथल्या मराठी मंडळींत बसलो की मी सह्याद्रीतला गडी. कुठला गड किती वेळा केला हा आकडा दर वर्षी वाढायचा आणि बायको सगळ्यांसमोर हसायची.

मुलीला बंगळुरूत नोकरी लागली. ती जायच्या आधी एकदा तिच्या शेजारी उभं राहून डोंगरावरचा सूर्योदय पाहावा, एवढंच मला हवं होतं. घरात तसं आमचं बोलणं बेताचंच. मी मराठीत विचारायचं, तिने "हाँ पापा" म्हणून फोनमध्ये डोकं घालायचं. म्हणून कुमाऊँतल्या एका तलावाकाठी दोन दिवसांसाठी खोल्या घेतल्या.

रेल्वेचा इंजिनिअर सहलीला गेला की सहलीचं इन्स्पेक्शन होतं. मी तक्ता केला: चहा, प्रस्थान, माथा, सूर्योदय, उतरणे, नाश्ता. सूर्योदयाची वेळ मोबाइलवरून, मिनिटासकट. सराव म्हणून आठवडाभर आम्ही तिघं पहाटे तो मेट्रोचा जिना चढलो, उतरलो. तिसऱ्या दिवशी गार्ड म्हणाला, "अंकल, उधर एस्केलेटर चालू है." ट्रेकिंग म्हणजे काय यावर मी त्याला व्याख्यान दिलं. बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

प्रत्यक्षात आम्ही चार मिनिटं आधीच माथ्यावर होतो. खाली तलावावर धुकं, समोर पूर्वेला आमच्याहून उंच डोंगर. वेळ झाली. उजाडलं होतं, पण सूर्याचा पत्ता नाही. मी दहा मिनिटांची सवलत दिली आणि मग जाहीर केलं, "आज ढग आहेत. सूर्योदय रद्द."

"बादल कहाँ हैं, पापा? सूरज उस पहाड़ के पीछे है. थोड़ा रुकते हैं ना."

आभाळ स्वच्छ होतं, हे मलाही दिसत होतं. पण वीस वर्षं सह्याद्री मिरवणाऱ्याला पोरीने डोंगर शिकवावा? शिवाय नाश्ता साडेसातला सांगितला होता. "तुम्ही थांबा हवं तर, मी निघालो," म्हणालो. येतील झक मारत मागून, असं वाटलं. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती मुलीशेजारी दगडावर बसली.

निम्मी वाट उतरलो तेव्हा वरून दोघींचा आरडाओरडा ऐकू आला. वळून पाहिलं तर माथा उन्हाने उजळला होता. मी सावलीत. परत वर जाऊन दाखवायला तोंड नव्हतं, म्हणून तसाच खाली उतरत राहिलो. इतका मूर्खपणा मी नोकरीतही कधी केला नव्हता.

नाश्त्याला वेळेवर पोचलो, एकटा. तासाभराने दोघी आल्या. मुलीचा चेहरा लाल झाला होता. माझा पराठा तोडून खात ती मला सगळं सांगत राहिली: आधी कडा कशी पेटली, मग तलावातलं धुकं कसं गुलाबी झालं. इतकं ती माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. मी न राहवून विचारलं, "उद्या पुन्हा चढू या? तू म्हणशील तितका वेळ थांबेन."

"कल सुबह तो हम निकल रहे हैं, पापा," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. परवा तिचं बंगळुरूचं विमान होतं.