गुद्रुनबाईंचं नाव

रोज सकाळी गुद्रुनबाई बाल्कनीत गादी वाळत घालायच्या आणि मग स्वतःलाच हाक मारायच्या, "गुद्रुन!" एकदाच, अगदी स्पष्ट. जपानमधल्या हिगाशी-कसाईला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत. मूळच्या नॉर्वेच्या. जपानी नवऱ्यामागे इथे आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. मला आधी वाटलं, बाईंचं डोकं जरा सरकलंय. एकदा धीर करून विचारलंच.

"इथे सगळे मला नवऱ्याच्या आडनावाने मोरिता-सान म्हणतात," त्या म्हणाल्या. "वापरलं नाही की नाव गंजतं."

कचरा वेगळा करायला त्यांनीच मला शिकवलं. बाटलीचं लेबल काढायचं राहिलं की माझी पिशवी परत माझ्याच दारात! आम्ही जपानीत बोलायचो. त्यांची अस्खलित, माझी मोडकी. मला दिवस गेले तेव्हा डोहाळ्यांपेक्षा माझ्या स्वप्नांचीच चौकशी त्यांना जास्त. त्यांच्या गावाकडे म्हणे मेलेलं माणूस गरोदर बाईच्या स्वप्नात येतं आणि अंथरुणाच्या पायथ्याशी मुकाट बसून राहतं. आपलं नाव बाळाला ठेवावं, एवढंच त्याचं मागणं. त्यांच्या आईच्या स्वप्नात अशीच तिची बहीण आली होती, ऐन विशीत खाडीत बुडालेली.

"मावशीचं नाव मी वापरतेय," त्या म्हणायच्या. "गुद म्हणजे देव, रुन म्हणजे गुपित. फार जुनं नाव आहे. सांभाळावं लागतं."

मी लाडात येऊन म्हटलं, "मग मुलगी झाली तर तुमचंच नाव ठेवते!"

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत, वेडे! एका नावात दोघींचं भागत नाही."

सातव्या महिन्यात एका दुपारी माझा डोळा लागला. पायथ्याशी एक गोरी तरुणी बसली होती. केस ओले, नाक हुबेहूब गुद्रुनबाईंचं. जाग आली तेव्हा गादीचा तो कोपरा मला थंडगार लागला. गंमत म्हणून मी हे त्यांना सांगायला गेले. का गेले, म्हणून आजही स्वतःचाच राग येतो.

बाई घाबरल्या नाहीत. "नाव तर माझ्याकडे आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मावशी ते तुझ्याकडे मागायला आली, म्हणजे माझं वापरून झालं."

त्याच दिवशी त्यांनी घर आवरायला घेतलं. आठव्या दिवशी बाल्कनीतून हाक आली नाही. झोपेतच गेल्या होत्या.

मला मुलगीच झाली. "गुद्रुन कुलकर्णी?" माझा नवरा निखिल हसला. "शाळेत पोरं रडवतील तिला!" मी ते निमित्त पटकन उचललं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. त्या नावाबरोबर आणखी कोण घरात येईल, सांगता येत नव्हतं. आम्ही मीरा ठेवलं. बाईंचं वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं.

गेल्या आठवड्यात पुण्याहून धाकट्या जावेचा फोन आला. तिला पाचवा महिना आहे. गुद्रुनबाईंबद्दल आम्ही घरी कुणाकडे चकार शब्द काढलेला नाही.

"ताई, दुपारी जरा आडवी झाले की एक गोरी बाई स्वप्नात येते हो. पायथ्याशी बसते. बोलत काहीच नाही."

मी घाईने विचारलं, "तरुण आहे? केस ओले?"

"छे, म्हातारी आहे. आणि इतकी दमलेली दिसते ना, की जा म्हणवत नाही."

मला रडूच फुटलं. डोळे पुसून मी तिला म्हटलं, "तिचं नाव सांगते. लिहून घे."