रामदासची बाप्तिस्म्याआधीची प्रार्थना

प्रार्थनेत सगळ्यांनी डोळे मिटायचे असतात. मी मात्र दारापाशी बसून चपला राखतो, कारण पांढरकवड्याच्या कुत्र्यांना आमच्या मंडळीच्याच चपला आवडतात. त्यामुळे उघड्या डोळ्यांचा मी एकटा. किस्से साचतात ते असे. माझा काही दोष नाही!

*

शांताबाईंचा चहा प्रार्थनेवर चालतो. पास्टर 'देशाच्या पुढाऱ्यांसाठी' इथवर आले की त्या गॅस पेटवतात. आमेन आणि उकळी एकदमच!

एकदा नागपूरहून पाहुणे आले. त्यांनी सुरुवातच पुढाऱ्यांपासून केली आणि मग आजारी, प्रवासी, विधवा असे सावकाश निघाले. शेवटी आतून आवाज आला, "आमेन म्हना जी, चहा उतू चालला!"

पाहुणे म्हणाले, "आमेन."

*

बाप्तिस्मा मागणाऱ्यानं आधी सभेत उभं राहून स्वतःच्या तोंडानं प्रार्थना करायची, ही आमची रीत. पास्टर म्हणतात, "पाण्यात कोनीबी उतरते. मन बदललं का नाही, ते प्रार्थनेत समजते."

मग आला रामदास. ट्रक ड्रायव्हर. हैदराबाद रोडवर याच्या शिव्या हॉर्नच्या आधी पोचतात. पण बाप्तिस्मा त्याला मनापासून हवा होता. दर बुधवारी दाढी करून पहिल्या रांगेत बसायचा.

उभा राहिला आणि धाडधाड बोलला. सुंदर! फक्त मधेच "माझ्या पत्नीच्या गुडघ्यांना आराम दे" असं आलं. रामदासचं लग्न झालेलं नाही.

"गुडघे माह्या बायकोचे हायेत, रामदास," पास्टर म्हणाले. "प्रार्थनाबी माहीच हाय. तुही कुठं हाय?"

रामदास म्हणाला, "पुरी पाठ केलती जी." त्याला वाटलं होतं, प्रार्थनेत गुडघे घ्यावेच लागतात.

*

दुसऱ्या वेळी तो नुसता उभा. पंखा चालू, तरी घामाच्या धारा. अख्खी मंडळी डोळे मिटून वाट पाहत होती. शेवटी रामदास म्हणाला, "प्रभू, पुढच्या बुधवारी पाहू." आणि बसला.

"याचं काही खरं नाही," शांताबाई म्हणाल्या. डोळे न उघडता.

*

बाबाराव मिस्त्रीनं रामदासचं इंजिन बिघडवलं, तेव्हापासून रामदास चौकात सगळ्यांना सांगायचा, "बाब्याचा पाय तोडतो का नाही पाहा!" असल्या माणसाला बाप्तिस्मा कसा द्यायचा? पास्टरांनी ठरवलं, यंदा नाही. ते सांगायला मला घेऊन निघाले. त्याच सकाळी जॅक सटकून बाबारावचा पाय गाडीखाली आला होता. गावभर तीच चर्चा.

ढाब्यावर रामदासचा ट्रक उभा होता. काचा बंद, आतून आरडाओरड.

"कोनाशी भांडून राह्यला हा?" पास्टर म्हणाले.

आत दुसरं कोणी नव्हतं. शिव्या गाळून सांगतो.

"मी म्हनलो पाय तोडीन, तर तू कायले मनावर घेतलं? इतकं मांगतो, ते आयकत नाही, हेच बरं आयकलं! डॉक्टर पाय कापतो म्हनून राह्यले. पोट कसं भरन तो? कापू देऊ नोको. मले बाप्तिस्मा नाही देल्ला तरी चालन. पन त्याचा पाय राहू दे, प्रभू!"

मग तो ढसाढसा रडायला लागला.

पास्टरांनी तिथंच, डिझेलच्या चिखलात, चपला काढल्या. मी सवयीनं राखल्या.

"सांगायचं नाही का जी?" मी हळूच विचारलं.

"थांब. तो बोलून राह्यला."

आम्ही न सांगताच परत आलो.

रविवारी नदीवर रामदास रांगेत उभा. बाबारावच्या पायाचं अजून काही कळलं नव्हतं. शांताबाईंनी पदर खोचला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "यानं प्रार्थना कधी केली?"

"केली," पास्टर म्हणाले.

"काय म्हनला?"

पास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे.

"सभेत सांगन्यासारखं नव्हतं," पास्टर म्हणाले, आणि रामदासचा हात धरून पाण्यात उतरले.